आकाशवाणीची धून आणि प्रागमधला एक तरुण

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त पटांगणात झालेल्या कौटुंबिक व्याख्यानमालेतील तिसरे भाषण. बोललेला मजकूर थोडा नीटनेटका करून येथे देत आहोत. – संपादक मंडळ)



आधीच्या दोन व्याख्यानांत आहार आणि गुंतवणूक असे दोन कामाचे विषय झाले. गुंतवणुकीवर मीच बोलावं असं कमिटीचं म्हणणं होतं. म्हटलं, बाप्पा, पस्तीस वर्षं व्याजाचेच हिशेब केले, आता दुसरं काही बोलू द्या. तेव्हा सचिवसाहेब म्हणाले, "काका, तुम्ही रोज सकाळी गच्चीत रेडिओ ऐकत बसता, त्याच्यावरच बोला." म्हणून हा विषय. सुरुवात रेडिओपासून आहे, पण जायचं आहे थेट युरोपात. घाबरू नका, नऊच्या आत परत आणून सोडतो.

इथे साठीच्या पुढचे जे आहेत, त्यांना एक आवाज डोळे मिटूनसुद्धा ओळखता येईल. पहाटे सहाच्या आधी रेडिओ लावला की खाली तंबोरा आणि वर व्हायोलिन, अशी एक छोटीशी धून पुन्हा पुन्हा वाजायची. मग निवेदक सांगायचा, हे आकाशवाणी आहे. नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ ला सुरू झालं. तेव्हापासून वऱ्हाडातल्या कितीतरी घरांत चुलीवर पाणी तापायला ठेवणं आणि ही धून ऐकणं हे एकाच वेळचं काम होतं. घड्याळ सगळ्यांकडे नव्हतं. धून वाजली की वडील म्हणायचे, उठा रे पोट्टेहो, रेडिओ सुरू झाला.

ही धून शिवरंजनी रागात आहे. रागदारी न शिकलेल्यांसाठी सोपं करून सांगतो. भूप रागात पाच स्वर असतात, सा रे ग प ध. त्यातला गंधार तेवढा कोमल करा, की शिवरंजनी. एका स्वराच्या फरकानं रागाचा चेहराच बदलतो आणि एक प्रकारची हुरहूर येते. 'सूरज' आणि 'मेरा नाम जोकर' या सिनेमांतली शंकर-जयकिशनची दोन फार गाजलेली गाणी याच रागाच्या आधारानं आहेत. तुम्ही ती गुणगुणली असतील, नाव माहीत नसेल एवढंच.

आता प्रश्न असा, की आपली सकाळ ज्या धूनेनं सुरू व्हायची, ती बांधली कोणी? कोण्या खाँसाहेबांनी, कोण्या पंडितजींनी? काही ठिकाणी दुसऱ्यांनाही तिचं श्रेय दिलेलं आढळतं. पण बहुतेक अभ्यासक ज्याचं नाव घेतात तो माणूस होता वॉल्टर काउफमान. जातीनं ज्यू, भाषेनं जर्मन, देशानं चेकोस्लोव्हाकियाचा. वयाच्या सव्वीसाव्या वर्षी, म्हणजे सत्ताविसावं पुरं व्हायच्या आत, तो मुंबईच्या बंदरात उतरला. उतरला तेव्हा त्याला सा-रे-ग-म सुद्धा माहीत नव्हतं. हा माणूस तिकडून इकडे का आला, काय सोडून आला, ही आजची गोष्ट आहे.

वॉल्टरचा जन्म १ एप्रिल १९०७ चा, गाव कार्ल्सबाद. आज त्याला कार्लोवी वारी म्हणतात. हे गाव गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी जगभर नावाजलेलं. आपल्याकडे किनवटजवळ उनकेश्वर आहे ना, तसं, फक्त थाटमाट राजेशाही. पोटाच्या तक्रारी घेऊन युरोपातले श्रीमंत लोक तिथे यायचे, सकाळी चंबूतून गरम पाणी प्यायचे आणि संध्याकाळी बागेत वाद्यवृंद ऐकायचे. महाकवी गटे तिथे अनेकदा राहिला, बीथोव्हेन येऊन गेला. अशा गावात वाढलेल्या पोराच्या कानावर संगीत पडणारच.

पण वॉल्टर जन्मला तेव्हा त्या गावावर राज्य होतं ऑस्ट्रिया-हंगेरीच्या बादशहाचं. तो सात वर्षांचा असताना पहिलं महायुद्ध लागलं. अकरा वर्षांचा झाला तेव्हा बादशाही संपली आणि २८ ऑक्टोबर १९१८ ला चेकोस्लोव्हाकिया हा नवा देश जाहीर झाला. घर तेच, रस्ता तोच, देश मात्र बदलला. त्या पट्ट्यातले बहुसंख्य लोक जर्मन बोलणारे, राज्य आलं चेक बोलणाऱ्यांचं. ४ मार्च १९१९ ला त्या भागातल्या अनेक गावांत जर्मनभाषकांनी मोर्चे काढले, त्यांच्यावर सैनिकांनी गोळ्या चालवल्या आणि एकाच दिवशी पन्नासाहून जास्त माणसं मेली. आपल्याकडे १९५६ ते १९६० या काळात भाषेवरून राज्यं झाली. वऱ्हाड आधी मध्यप्रांतात, मग द्विभाषिक मुंबईत, मग महाराष्ट्रात. मतभेद झाले, आंदोलनं झाली, मुंबईत हुतात्मेही झाले. पण बार्शीटाकळीच्या माणसाला कोणी म्हटलं नाही, की तुझी भाषा वेगळी म्हणून तू परका. वॉल्टरच्या गावात हे रोजचं झालं होतं.

आणि ज्यू लोकांची अडचण दुहेरी. ते घरात जर्मन बोलायचे म्हणून चेक लोक त्यांना जर्मन समजायचे, आणि धर्मानं ज्यू म्हणून जर्मन लोक त्यांना आपलं मानायचे नाहीत. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तसली गत.

शाळा संपवून वॉल्टर बर्लिनला गेला. तिथल्या सरकारी संगीत महाविद्यालयात त्याला दोन मोठे गुरू मिळाले. स्वररचना शिकवायला फ्रान्झ श्रेकर, जे त्या काळचे नामांकित ऑपेरा-रचनाकार आणि महाविद्यालयाचे संचालक होते. आणि संगीतशास्त्र शिकवायला कुर्ट साक्स. या साक्ससाहेबांबद्दल दोन वाक्यं जास्त बोलतो, कारण त्यांचा आपल्याशी संबंध आहे. जगातल्या सगळ्या वाद्यांचं वर्गीकरण त्यांनी आणि होर्नबोस्टेल नावाच्या विद्वानानं १९१४ साली मांडलं. तारांची, फुंकून वाजवायची, कातडं मढवलेली आणि स्वतःच वाजणारी, असे चार वर्ग. आपल्या भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात हेच चार वर्ग आहेत. तत, सुषिर, अवनद्ध आणि घन. म्हणजे वीणा, बासरी, मृदंग आणि टाळ. साक्स यांनी भारतातल्या वाद्यांवर पुस्तकही लिहिलं होतं. तर वॉल्टरला हिंदुस्थानचं पहिलं वारं लागलं ते असं, बर्लिनच्या वर्गात.

बर्लिन तेव्हा कसं होतं? बँकेतला माणूस असल्यामुळे मी हे जरा चवीनं वाचलं आहे. १९२३ च्या नोव्हेंबरात जर्मनीत एका अमेरिकन डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते. आकडा पुन्हा सांगतो, चार पूर्णांक दोन लाख कोटी. आयुष्यभर पासबुकात साठवलेल्या पैशात पावाचा तुकडा येत नव्हता. वॉल्टर पोहोचला तोवर नवं चलन येऊन गाडी रुळावर आली होती. पण ज्या मध्यमवर्गाची शिल्लक एकदा धुऊन निघाली, त्याचा राज्यावरचा, कायद्यावरचा विश्वास उडाला तो उडालाच. मग १९२९ ची मंदी आली. १९३१ च्या मे महिन्यात व्हिएन्नातली सर्वात मोठी बँक गडगडली, जुलैत बर्लिनमधली एक मोठी बँक बंद पडली. १९३२ च्या सुरुवातीला जर्मनीत साठ लाख लोक बेकार होते.

मी ग्रामीण शाखेत असताना एका बँकेबद्दल नुसती अफवा उठली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दाराशी रांग लागली होती. आमचा त्या बँकेशी काडीचा संबंध नव्हता. शाखाधिकाऱ्यांनी तिजोरी उघडून दाखवली, चहा पाजला, दुपारपर्यंत लोक घरी गेले. घाबरलेला माणूस काय करतो हे मी त्या दिवशी पाहिलं. साठ लाख बेकारांच्या देशात असा घाबरलेला माणूस गल्लोगल्ली होता. आणि त्याला सांगणारा एक पुढारी मिळाला, की तुझी भाकर शेजारच्या ज्यूनं खाल्ली. सप्टेंबर १९३० च्या निवडणुकीत नाझी पक्षाच्या जागा १२ वरून १०७ झाल्या. वॉल्टर त्याच वर्षी बर्लिनमधलं शिक्षण संपवून प्रागला आला.

प्राग हे आपल्या गोष्टीतलं मुख्य शहर. अतिशय देखणं, शंभर मनोऱ्यांचं म्हणतात. तिथे संगीताची परंपरा अशी, की मोझार्टनं आपला 'डॉन जिओव्हानी' हा ऑपेरा २९ ऑक्टोबर १७८७ ला पहिल्यांदा याच शहरातल्या नाट्यगृहात सादर केला. पण ते नाट्यगृहच १९२० साली चेक लोकांनी जर्मनांच्या ताब्यातून बळजबरीनं घेतलं. विद्यापीठाचे तर १८८२ पासूनच दोन तुकडे झालेले, एक चेक विद्यापीठ आणि एक जर्मन विद्यापीठ. जर्मन विद्यापीठात १९२२ साली एक ज्यू प्राध्यापक कुलगुरू झाले, तर विद्यार्थ्यांनी संप केला, की ज्यूच्या हाताखाली आम्ही शिकणार नाही. १९३० च्या सप्टेंबरात शहरात दंगल झाली ती कशावरून, तर चित्रपटगृहांत जर्मन बोलपट दाखवतात म्हणून. दगडफेक, तोडफोड. कोणी कोणत्या भाषेत गाणं ऐकावं, कोणत्या थिएटरात जावं, यावरून डोकी फुटत होती.

अशा शहरात वॉल्टर जर्मन विद्यापीठात डॉक्टरेटचा अभ्यास करू लागला. विषय होता गुस्ताव मालर. मालर हा मोठा संगीतकार, तोही बोहेमियातलाच, आणि जन्मानं ज्यूच. उन्हाळ्यात वॉल्टर आपल्या भागात जाऊन ऑपेराचे वाद्यवृंद चालवायचा, उरलेलं वर्ष अभ्यास. याच शहरातल्या गेर्टी हेरमान या मुलीशी त्याचं लग्न जुळलं. गेर्टी ही काफ्काची भाची, त्याच्या सर्वात मोठ्या बहिणीची मुलगी. फ्रान्झ काफ्का हा लेखक आज जगभर अभ्यासला जातो. तो बरीच वर्षं प्रागमधल्या विमा कचेरीत अधिकारी होता, हे आपल्यातल्या एलआयसीवाल्यांनी लक्षात ठेवावं. तो १९२४ मध्येच वारला होता.

आता मुख्य प्रसंग. ३० जानेवारी १९३३ ला हिटलर जर्मनीचा चॅन्सलर झाला. बर्लिनमधल्या श्रेकर गुरुजींना महाविद्यालयाचं संचालकपद आधीच सोडावं लागलं होतं, आता उरलेली नोकरीही गेली. साक्स पॅरिसला निघून गेले. १० मे ला बर्लिनच्या चौकात पुस्तकांची होळी झाली. हे सगळं जर्मनीत. प्राग तर वेगळ्या देशात, तिथे लोकशाही होती. पण वारा सरहद्द ओळखत नाही. ऑगस्ट १९३३ च्या शेवटी थिओडोर लेसिंग नावाच्या ज्यू विचारवंताला नाझींच्या हस्तकांनी त्याच्या अभ्यासिकेत गोळ्या घालून मारलं. तो जर्मनीतून पळून आला होता आणि मारियनबादला राहत होता. मारियनबाद म्हणजे वॉल्टरच्या कार्ल्सबादपासून किती लांब? इथून मूर्तिजापूरला जाऊन थोडं पुढे, एवढंच.

वॉल्टरचा अभ्यास पूर्ण झाला होता. प्रबंध तयार, परीक्षा झालेल्या. आता फक्त पदवी स्वीकारायची. तेव्हा त्याला कळलं, की त्याचे मार्गदर्शक प्राध्यापक गुस्ताव बेकिंग हे तिथल्या नाझी युवक संघटनेचे पुढारी आहेत. वॉल्टरनं पदवी घ्यायला नकार दिला. आयुष्यात डॉक्टरेट घेतलीच नाही त्यानं या विद्यापीठाची.

इथे जरा थांबतो. समोर दहावी-बारावीची मुलं बसली आहेत आणि त्यांचे आईबाप त्यांच्या मागे. आपण एकेका मार्कासाठी फेरतपासणीचे अर्ज करतो, आणि ते करावेतच. मी स्वतः बी.कॉम.ची गुणपत्रिका अजून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली आहे. त्या माणसानं काही वर्षं घालून केलेलं काम पुरं झालेलं असताना कागद हातात घेतला नाही. त्या काळात मध्य युरोपात नावापुढे 'डॉक्टर' लागलं की नोकरी, मान, सगळं सोपं व्हायचं. परदेशात जायचं असेल तर त्याची जास्तच गरज. सही करून कागद घेतला असता तर कोणी बोट दाखवलं नसतं. तरी त्यानं हिशेब वेगळा केला. ज्यू संगीतकारावर लिहिलेला प्रबंध, लिहिणारा ज्यू, आणि खाली सही कोणाची? ज्यांना ज्यू माणूस जगात नको आहे, त्यांच्या माणसाची. ही नोंद त्याला आपल्या वहीत नको होती.

त्याच सुमाराला त्यानं दुसरा निर्णय घेतला, निघून जायचं. लक्षात घ्या, हे साल १९३३-३४ चं आहे. तेव्हा त्याच्या गावातले बहुतेक लोक म्हणत होते, की हे वादळ आहे, जाईल. घरं होती, दुकानं होती, म्हातारे आईबाप होते. सोडून जाणं सोपं नसतं. वॉल्टरनं पुढे स्वतःच सांगितलं आहे, की भारतात येण्याचं एक साधं कारण म्हणजे इथला व्हिसा सहज मिळत होता. काही अध्यात्म, काही गूढ ओढ, असलं काही नाही. दार उघडं दिसलं, तो आत आला. फेब्रुवारी १९३४ मध्ये तो मुंबईत पोहोचला. २१ मार्चला तिकडे त्याचे गुरू श्रेकर वारले. नोकरी गेल्याच्या धक्क्यानं ते खचले होते, डिसेंबरात झटका आला होता, त्यातून उठलेच नाहीत.

मुंबईत आल्यावर त्यानं आपल्या संगीताच्या ध्वनिमुद्रिका आणून ऐकल्या. काय झालं असेल? त्याला ते संगीत मुळीच आवडलं नाही. परकं वाटलं, कळेना. इथे त्याच्या जागी दुसरा असता तर म्हणाला असता, या लोकांना संगीत कळत नाही, आणि आपला पियानो वाजवत बसला असता. गोऱ्यांच्या क्लबात त्याला कोणी काही म्हटलं नसतं. पण तो असं म्हणाला, अर्थात मी माझ्या शब्दांत सांगतो, की हे संगीत ज्यांनी निर्माण केलं त्यांनाही मन आहे, बुद्धी आहे, आणि लाखो लोक त्यावर प्रेम करतात. तेव्हा मला ते आवडत नाही यात कमतरता माझी आहे. ती भरून काढायची असेल तर ते जिथे जन्मलं तिथे जाऊन शिकायचं. आणि पुढची बारा वर्षं तो शिकला.

एकीकडे पोटापाण्याचं होतंच. आल्यावर काही महिन्यांतच त्यानं बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली. हीही सोसायटीच, बरं का! दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात पाश्चात्त्य संगीताची बैठक. व्हायोलिनला मेहली मेहता, पियानोला स्वतः काउफमान. मे १९३७ पर्यंत १३६ कार्यक्रम झाले. आपल्या सोसायटीच्या पंचवीस वर्षांत मासिक सभा किती वेळेवर झाल्या हे सचिवसाहेबांना विचारू नका, पण त्यांनी तीन वर्षांत १३६ कार्यक्रम केले. हे मेहली मेहता म्हणजे प्रसिद्ध संगीत-संचालक झुबिन मेहतांचे वडील. झुबिन यांचा जन्म एप्रिल १९३६ चा, म्हणजे घरात या बैठकींच्या तालमी चालू असतानाचा.

१९३६ च्या जूनमध्ये देशातल्या सरकारी नभोवाणीला 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळालं. पुढच्या वर्षापासून काउफमान मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख झाले आणि १९४६ पर्यंत राहिले. याच सुमारास ही धून बांधली गेली. तिच्यातलं व्हायोलिन मेहली मेहतांनी वाजवल्याचं सांगतात. बघा मंडळी, राग आपला, तंबोरा आपला, व्हायोलिन युरोपातून आलेलं, वाजवणारा पारशी, बांधणारा प्रागहून आलेला ज्यू. आणि ऐकणारे आपले वडील, बार्शीटाकळीच्या ओसरीत, मशेरी लावत.

त्यांनी इथे 'अनसूया' नावाचा रेडिओसाठीचा ऑपेरा लिहिला. माहूरला अनसूयेच्या डोंगरावर जाणाऱ्या आपल्या बायाबापड्यांना हे नाव काय नवीन आहे? मोहन भावनानींच्या चित्रपट कंपनीसाठीही त्यांनी संगीताचं काम केलं. आणि गावोगाव फिरून त्यांनी लोकांचं गाणं ऐकलं, टिपून ठेवलं.

ते एकटेच असे आले होते असंही नाही. व्हिएन्नाहून आलेले चित्रकार वॉल्टर लँगहॅमर टाइम्स ऑफ इंडियात कला-संचालक झाले आणि हुसेन, रझा यांच्यासारख्या पोरसवदा चित्रकारांना त्यांनी घरी बोलावून शिकवलं. पुढे महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलंडचे पाच हजार निर्वासित राहिले, १९४३ पासून १९४८ पर्यंत. आणि कोकणातले आपले बेने इस्रायल, ज्यांना लोक शनवार तेली म्हणत, कारण ते शनिवारी घाणा बंद ठेवत. शेकडो वर्षं ते मराठी बोलत राहिले. धर्मावरून त्यांना कोणी या मातीतून हाकललं नाही.

आणि मागे राहिलेल्यांचं काय झालं? हे मुलांनी जरूर ऐकावं. सप्टेंबर १९३८ च्या म्युनिक करारानं वॉल्टरचा सगळा सीमाभाग हिटलरला देऊन टाकला गेला. नोव्हेंबरात कार्ल्सबादचं ज्यू प्रार्थनामंदिर जाळलं. १५ मार्च १९३९ ला जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या. १९४१ मध्ये गेर्टीच्या आईला, म्हणजे वॉल्टरच्या सासूला, पोलंडमधल्या लॉज शहराच्या बंदिस्त वस्तीत नेलं. ती परत आली नाही. काफ्काच्या तीन बहिणी होत्या, तिघीही अशाच गेल्या. एका घरातल्या तीन सख्ख्या बहिणी. आणि युद्ध संपल्यावर चक्र उलटं फिरलं. चेकोस्लोव्हाकियातल्या सुमारे तीस लाख जर्मनभाषकांना घरंदारं सोडून हाकललं गेलं, त्यात निरपराध लोकही होते. ज्या कार्ल्सबादमध्ये वॉल्टर वाढला, ते गाव त्याच्या भाषेसकट संपलं. परत जायला जागाच राहिली नाही.

१९४६ मध्ये काउफमान भारतातून गेले. थोडे दिवस इंग्लंड, मग कॅनडा. १९४८ पासून विनिपेग शहराच्या वाद्यवृंदाचे ते पहिले संचालक होते. तिथे हिवाळ्यात उणे तीस तापमान असतं. अकोल्याच्या सत्तेचाळीस डिग्रीतल्या माणसाला कल्पना येणार नाही. १९५७ मध्ये ते अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक झाले. डॉक्टरेट नाकारलेला माणूस वीस वर्षं तिथे डॉक्टरेटच्या मुलांना शिकवत होता. १९६८ मध्ये त्यांचा उत्तर भारतीय रागांवरचा मोठा ग्रंथ निघाला, १९७६ मध्ये दक्षिणेच्या रागांवरचा. पहिल्यांदा ऐकताना जे कळलं नाही, त्यावर हजार पानांच्या घरात लिहून ठेवलं. ९ सप्टेंबर १९८४ ला ते वारले.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आपल्या सोसायटीचा आहे. रौप्यमहोत्सवात गोड गोड बोलावं असं म्हणतात, पण मी थोडं कामाचं बोलतो.

गेल्या वार्षिक सभेत एक विषय निघाला होता. आपल्यातल्या एका सभासदाचं रो-हाऊस भाड्यानं द्यायचं आहे. सभासद मुलाकडे राहायला गेले, घर बंद पडलं आहे. घ्यायला तयार असलेलं कुटुंब बाहेरच्या राज्यातलं आहे, बोली वेगळी, खाणंपिणं वेगळं. कोणी म्हणालं, आपल्या ओळखीचे नाहीत. कोणी म्हणालं, आज एक येईल, उद्या दहा येतील. विषय पुढच्या सभेवर ढकलला. बोलणारे कोणी वाईट नाहीत. दारात ठसठशीत रांगोळी काढणारी, रात्री-बेरात्री कोणाला दवाखान्यात न्यायला गाडी काढणारी ही आपलीच माणसं आहेत. काळजी कुटुंबाची असते, हे मला कळतं.

तरी मी दोन गोष्टी मांडतो. पहिली, नियमाची. घर भाड्यानं देणं हा सभासदाचा हक्क आहे. रीतसर करार, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती, सोसायटीला लेखी कळवणं आणि सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, एवढं झालं की आपलं काम संपतं. माणूस पारखायचाच असेल तर बँक पारखते तसा पारखा. कागद पाहा, वागणूक पाहा, हप्ता वेळेवर येतो का पाहा. मी हजारो कर्जप्रकरणं केली. बुडवणारे आणि फेडणारे मला सगळ्या आडनावांचे, सगळ्या गावांचे मिळाले. आडनावावरून वसुलीचा अंदाज करता आला असता तर बँकेचं काम फार सोपं झालं असतं.

दुसरी गोष्ट आपल्याच आठवणीची. पंचवीस वर्षांपूर्वी या सात-बाऱ्यावर ज्वारी उभी होती. एनए झालं, प्लॉट पडले, आणि आपण आलो. किती जण मूळ बार्शीटाकळीचे होतो? हात वर करा म्हटलं तर चार-पाच वर येतील. कोणी बदलीनं आला, कोणी शाळेत लागला म्हणून, कोणी पातूर-महानकडची शेती भावाकडे देऊन. मी स्वतः मीटरगेजच्या गाडीतून एक वळकटी आणि एक स्टोव्ह घेऊन या स्टेशनावर उतरलो, तेव्हा मला इथलं एकही माणूस ओळखत नव्हतं. गावानं खोली दिली, दूधवाल्यानं उधारीवर दूध दिलं. तेवढ्यावर माझा संसार उभा राहिला. आज आपलीच मुलं बंगळुरूला, पुण्याला, काही तर जर्मनीलाही आहेत. ती तिथे खोली शोधतात तेव्हा समोरचा घरमालक काय विचारतो, हे त्यांना फोन करून विचारा.

वॉल्टर काउफमानला मुंबईनं काय दिलं? एक व्हिसा, गुरुवारची एक जागा, रेडिओत एक नोकरी. कोणी त्याच्यावर मोठे उपकार केले नाहीत, नुसतं राहू दिलं. आणि राहू दिलं म्हणून तो वाचला, त्याची बायको वाचली, आणि जाताना तो आपल्या हाती एक धून ठेवून गेला. जे कुटुंब आपल्याकडे येऊ पाहतंय त्यांच्यात कोणी संगीतकार असेलच असं माझं म्हणणं नाही. असायची गरजही नाही. भाडं वेळेवर दिलं आणि बोअरचं पाणी काटकसरीनं वापरलं तरी पुष्कळ झालं.

पुढची सभा येत्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आहे. या विषयावर मी ठराव मांडणार आहे, कोणीतरी अनुमोदन द्यावं एवढी विनंती. विरोध करायचा तर जरूर करा, पण सभेत या, घरी बसून करू नका. कोरम होत नाही ही आपली जुनीच तक्रार आहे.

मुलांसाठी एक काम देतो. मोबाइलवर आकाशवाणीची जुनी धून शोधा आणि आजी-आजोबांना ऐकवा. ते काय सांगतात ते लिहून आणा. पुढच्या अंकात छापू, असं संपादकांनी कबूल केलं आहे.

 महिला मंडळानं केलेला गरम आलूबोंडा वाट पाहतो आहे, तेव्हा थांबतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.